मागे वानर, पुढे परीक्षा

वैशालीनं "मंकी!" म्हणत दोन्ही हात वर केले, म्हणून आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "मंकी!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मंकी! बिहाइंड सर!" हात आणखी वर. आम्हीही आणखी जोरात, "मंकी! बिहाइंड सर!"

आधी माझं काम सांगते. मी चौथी शिकलेली. रामदासपेठेतल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मी विद्यार्थिनीची नोकरी करते. मोठ्या माणसांना इंग्रजी कसं शिकवायचं, याचा कोर्स तिथे चालतो. सरावासाठी त्यांना इंग्रजी न येणारी खरी माणसं लागतात. ती आम्ही. कोणी मराठी, कोणी हिंदी, कोणी तेलुगू बोलणारे. शिकवणारीनं वर्गात इंग्रजीशिवाय एक शब्द काढायचा नाही. तिनं हात वर केले की आम्ही तिच्यामागून म्हणायचं, याला ड्रिल म्हणतात. आणि मागे परीक्षक बसले असतील तर वळून बघायचं नाही.

आज शिकवणारी वैशाली, खापरखेड्याची. या परीक्षेत एकदा नापास झालेली. या वेळी गेली तर घरचे पुन्हा बसू देणार नव्हते.

"आजी, तोंडून मराठी निघाली तर गेली मी," ती सकाळी मला म्हणाली.

"मग तोंड बंद ठेव वं."

"अन् शिकवू कशी?"

"ते तुझं तू पाह्य."

धडा फळांचा होता. संत्र्यांची टोपली तिनं मागच्या टेबलावर, परीक्षक सरांशेजारी ठेवली होती. खिडकी उघडी. सर मान खाली घालून लिहीत होते. वानर आत आलं. मागचं हे सगळं वैशालीनं नंतर सांगितलं.

आम्हाला काय माहीत? संत्र्यानंतर माकडाचा धडा असेल, असं वाटलं.

"सर, स्टँड अप!" वैशाली किंचाळली.

"सर, स्टँड अप!" आम्ही.

सर खूश. वर न बघता म्हणाले, "व्हेरी गुड. कंटिन्यू."

"व्हेरी गुड. कंटिन्यू," माझ्या शेजारचे रेड्डी म्हणाले. त्यांना सवयच लागली आहे.

वैशाली रडकुंडीला आली, पण मराठी शब्द काढला नाही. वानरानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, कोणी विद्यार्थी आहे. "वन मिनिट, प्लीज."

"वन मिनिट, प्लीज!"

मग सरांचा चष्मा गेला.

"अरे बाप रे! हाकला ना गा याले! मेलो मी!"

हे इंग्रजी नाही, इतकं मला कळलं. वळले तर वानर खिडकीत, एका हातात संत्रं, दुसऱ्यात चष्मा. मी चप्पल फेकली. चष्मा आत पडला. वानर आणि चप्पल बाहेर गेली.

सर वैशालीवर उखडले. "मराठीत काहून नाही सांगितलं मले?"

"सर, नापास केलं असतं ना तुम्ही."

"अन् चावलं असतं तर?"

"इंग्रजीत सांगितलं होतं, सर."

"आम्हीबी सांगितलं," मी म्हणाले.

नियमानं बघितलं तर धडा चालू असताना मराठी बोलले ते एकटे सरच. वैशालीला त्यांनी पास केलं.

मी एका चपलेवर घरी गेले. परीक्षा घेणाऱ्यानं समोरची बरोबर बोलते की नाही एवढंच तपासू नये. ती काय सांगते, तेही ऐकावं.