कूलरच्या स्टँडवरच्या महालक्ष्म्या

आमच्या गल्लीतलं पुराचं पाणी दुपारपर्यंत ओसरलं, किस्से मात्र ओसरायचं नाव घेत नाहीत. पानठेल्यावर चार जण जमले की एखादा नवा निघतोच.

नाल्याला पूर आला तो नेमका महालक्ष्म्यांच्या तोंडावर. शेजारच्या शोभाकाकू लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या कधी चुकल्या नाहीत. पहाटे घरात पाणी शिरलं, तशी काकूंनी मुखवट्यांचा डबा उराशी धरून गच्ची गाठली. मागून काका आले. हातात टीव्हीचा रिमोट! टीव्ही खालीच.

काकूंनी खालच्या पाण्याकडे बोट दाखवलं. "घ्या, आता बदलवा चॅनल."

* * *

बातम्यांत आमची गल्ली दिसली म्हणे. म्हणजे समोरच्या वांढरेंची कार दिसली. टीव्हीवर ती रात्रीपर्यंत तरंगत होती. इकडे आम्ही ती दुपारीच ढकलत आणून दारात लावली होती आणि तिच्या टपावर साऱ्या गल्लीच्या उशा वाळत होत्या. त्या उशा कोणी दाखवल्या नाहीत, याचा मला अजून राग येतो.

* * *

ती तरंगती कार पाहून काकूंच्या पुण्याच्या नणंदबाई फोनवर रडायलाच लागल्या. काकू खराट्यानं गाळ लोटत होत्या. त्यांनीच नणंदेची समजूत काढली. शेवटी म्हणाल्या, "टीव्ही बंद कर वं, अन् जेवून घे."

* * *

मुखवटे वाचले, पण ज्यांच्यावर ते बसवायचे त्या पत्र्याच्या कोठ्या वाहून गेल्या होत्या. तेव्हा मात्र काकू मटकन खाली बसल्या. यंदा काही बसत नाहीत, म्हणाल्या. मला ऐकवेना.

वांढरे घरी गेले अन् कूलरचे दोन स्टँड घेऊन आले. त्यांवर पिठाचे डबे बांधले, साड्या नेसवल्या. ज्येष्ठा जराशी डुगडुगत होती, तिच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. नैवेद्याच्या सोळा भाज्यांसाठी घरोघरी निरोप गेला, तर चार घरांतून कोहळंच आलं. काकू म्हणाल्या, चालते.

* * *

पंगत बसली अन् एक चॅनलवाली मॅडम कॅमेरामनला घेऊन दारात उभी. आत पुरणाचा वास, हसणं-खिदळणं. बिचारी गोंधळली. तिनं काकूंनाच विचारलं, इथले पूरग्रस्त कुठे भेटतील?

काकूंनी पंगतीत वाढणाऱ्यांकडे हात केला.

"हे काय, वाढून राहिले ना. तुम्ही बसा आधी, तुमचं पान मांडलं."