आस्ताबाईंचा कोळसा आणि बारा गवयांची यकृतं

आस्ताबाई ब्येरगोर बावीस वर्षं न्युबोर्ग-कोर्सेर फेरीबोटीवर स्वयंपाक करायच्या. मग समुद्रावर पूल झाला, बोट बंद पडली आणि आस्ताबाई ओडेन्सला आमच्या प्रयोगशाळेत आल्या. मुलाखतीत प्रोफेसर प्रेबेन लिनेगोरनी विचारलं, "मीठ न घालता, वजन करून, रोज तेच ते शिजवायची तयारी आहे का?"

आस्ताबाई म्हणाल्या, "वादळात चारशे माणसांना मटारचं सूप वाढलंय मी. निम्म्यांनी ते परत दिलं. तुमची माणसं परत देणार नसतील तर काहीही शिजवीन."

प्रोफेसरांनी त्यांना तिथल्या तिथे कामावर घेतलं.

मी तेव्हा त्याच प्रयोगशाळेत लघवीचे नमुने तपासायचे. काम सांगायला शोभत नाही, पण आमच्या साऱ्या संशोधनाचा डोलारा त्या बाटल्यांवर उभा होता. औषध पोटात गेलं की यकृत त्याची मोडतोड करून ते बाहेर घालवतं. ही मोडतोड करणाऱ्या एन्झाइमांपैकी एक प्रोफेसरांचं लाडकं होतं, कारण कॉफीची वासलातही तेच लावतं. माणसाला कॉफीतल्या कॅफीनची एक गोळी द्यायची, मग त्याची लघवी तपासायची. त्याच्या यकृतातलं हे एन्झाइम जोमात आहे की पेंगतंय ते कळतं. कोबी खाल्ला की ते खडबडून जागं होतं, असं प्रोफेसर वीस वर्षं सांगत आले होते. नुसतं सांगत नव्हते, दर बुधवारी घरी कोबी करायला लावत होते. आता एकदा ते रीतसर सिद्ध करायचं होतं.

त्यासाठी बारा माणसं हवी होती. सिगारेट न ओढणारी, ठणठणीत आणि महिनाभर कॉफीशिवाय जगू शकणारी. ही शेवटची अट ऐकून लोक पळायचे. शेवटी एक अख्खं पुरुष-गायकमंडळ तयार झालं. त्यांना उन्हाळ्यात फॅरो बेटांवर गायला जायचं होतं आणि आम्ही देणार असलेल्या मानधनात बोटीची तिकिटं निघत होती. मंडळाचा पुढारी व्हर्नर नावाचा पोस्टमन. आवाज इतका खर्जातला, की तो 'नमस्कार' म्हणाला तरी माझ्या टेबलावरच्या बाटल्या किणकिणायच्या.

बेत सरळ होता. पहिला आठवडा साधं जेवण: उकडलेला कॉड मासा, उकडलेले बटाटे, पांढरा पाव. मग दोन आठवडे त्याच जेवणाबरोबर प्रत्येकाला रोज अर्धा किलो चिमुकला कोबी, तो लिंबाएवढ्या गड्ड्यांचा असतो ना, तो. शेवटचा आठवडा पुन्हा साधा. जेवण दुपारी आणि संध्याकाळी आमच्या तळघरात. प्रत्येक आठवडा संपला की सोमवारी सकाळी गोळी आणि बाटली.

कोबीचे दोन आठवडे आस्ताबाईंनी जी शिस्त लावली, तशी लष्करातही असल्याचं मी ऐकलं नाही. एकेक गड्डी तराजूवर. ताट रिकामं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. व्हर्नरने एकदा दोन गड्ड्या कोटाच्या खिशात टाकल्या. आस्ताबाईंनी त्याच्या खिशात हात घातला, गड्ड्या काढल्या, धुतल्या आणि पुन्हा ताटात ठेवल्या.

"आस्ता, पोट फुटेल माझं," व्हर्नर म्हणाला.

"फुटू दे. आधी संपव."

अर्ध्या किलो कोबीचे परिणाम व्हायचे ते झालेच. मंडळाची तालीम चर्चमध्ये असायची. फेब्रुवारीची थंडी, तरी सगळ्या खिडक्या उघड्या. हळुवार गाणी बाजूला ठेवून त्या पंधरवड्यात त्यांनी फक्त जोरजोरात म्हणायची गाणी घेतली, असं पाद्रीबुवांनीच मला बेकरीत सांगितलं. "भक्ती म्हणून नव्हे हो," ते म्हणाले, "मधल्या शांततेची भीती वाटते त्यांना."

महिना संपला. मी आकडे मांडले. पहिल्या आठवड्यात बाराही जणांचं एन्झाइम घोड्यासारखं उधळलेलं. कोबीच्या आठवड्यांत खाली. शेवटच्या आठवड्यात पुन्हा वर. म्हणजे कोबीने ते जागं होत नव्हतं, चक्क झोपत होतं.

प्रोफेसरांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "इंगर, बाटल्यांवर चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्यास का?"

"नाही."

"एकदा सगळं पुन्हा कर."

मी सगळं पुन्हा केलं. आकडे तेच. बुधवारी प्रोफेसरांच्या बायकोचा प्रयोगशाळेत फोन आला. "इंगर, आज कोबी करू नकोस म्हणाला ग तो. त्याची तब्येत बरी आहे ना?"

वीस वर्षांचं म्हणणं एका महिन्यात कोलमडलं होतं. पण माणूस सच्चा. आपलं चुकलं, असं कोपनहेगनच्या परिषदेत उभं राहून सांगायचं त्यांनी ठरवलं. भाषणाचा पहिला परिच्छेद लिहून मला वाचूनही दाखवला. त्यात 'क्षमा' हा शब्द तीनदा होता. मी दोनदा करायला सांगितला.

परिषदेच्या आधीच्या शुक्रवारी गायकमंडळाला निरोपाचं जेवण होतं. महिन्याभरानंतरची पहिली कॉफी आली. दोन जण तर कपात नाक घालून नुसते बसले. मग व्हर्नरने चमच्याने ग्लास वाजवला आणि भाषणाला उभा राहिला. प्रोफेसरांचे आभार मानले, माझे मानले, आणि शेवटी म्हणाला, "आता आस्ता. हिचे आभार कोबीबद्दल नाहीत. कोबीबद्दल हिला देवच बघून घेईल. हिचे आभार त्या डुकराच्या मानेबद्दल. ती नसती तर आमच्यातला एकही टिकला नसता."

बाराही जणांनी टेबलावर बोटांनी ताल धरला.

"कसली मान?" प्रोफेसरांनी विचारलं.

ताल थांबला. सगळे आस्ताबाईंकडे बघू लागले. त्या केक कापत होत्या, कापतच राहिल्या.

"आस्ता, पहिल्या आठवड्यात मी उकडलेला कॉड लिहून दिला होता."

"दिला होतास. मी तो वाढला, त्यांनी खाल्ला. पण त्यानंतर पोटात काहीतरी जायला नको का? मोठी माणसं आहेत ती."

आस्ताबाई बोटीच्या कप्तानालाही अरे-तुरे करायच्या, प्रोफेसर तर जमिनीवरचे.

"तू घरी जायचास चारला," त्यांनी पुढे सांगितलं. "मग मी सायकलींच्या शेडमागे पिंप मांडायची. कोळसा घालून."

"कोळशावर भाजलंस?"

"मग काय, इस्त्रीवर भाजू?"

"रोज?"

"रोज. शेवटच्या आठवड्यातही."

"आणि कोबीच्या आठवड्यांत?"

आस्ताबाईंनी सुरी खाली ठेवली. इतक्या दुखावलेल्या मी त्यांना कधीच पाहिल्या नव्हत्या. "प्रयोग चालू असताना मी असलं काही करीन? पहिला आठवडा नुसता तयारीचा, शेवटचा आवराआवरीचा. मधले दोन खरे. त्या दोन्हींत एक तुकडा दिला असेल तर सांग."

प्रोफेसर उठले आणि अंगात कोट न घालता बाहेर गेले. मी घाबरून मागे धावले. ते शेडमागे त्या पिंपात वाकून वास घेत होते. नाकाला काजळी लागली होती.

"इंगर," ते म्हणाले, "कोबी निर्दोष आहे."

कोळशावर करपलेलं मांसही तेच एन्झाइम जागं करतं, आणि कोबीपेक्षा जास्त जोरात. हे आम्हाला दोघांनाही पाठ होतं. फक्त आमच्याच शेडमागे ते रोज भाजलं जातंय, हे माहीत नव्हतं. कोबीने बिचाऱ्याने त्याचं काम केलं असणार, पण मांसाने आधीच एवढा गोंधळ घातला होता की त्यापुढे कोबी झोपाळू वाटला.

प्रोफेसर आत आले. आता ते आस्ताबाईंना काढून टाकणार, असं मला वाटलं. ते त्यांच्यासमोर बसले आणि खिशातून वही काढली.

"माणशी किती ग्रॅम?"

"मोजलं नाही. ज्याला जेवढं हवं तेवढं."

"किती करपलेलं?"

"कडेला काळं. मध्ये नाही. मध्ये काळं करायला मी काय नवशिकी आहे?"

त्यांनी 'कडेला काळं' असं लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

परिषदेला त्यांनी पोट बिघडल्याचं कळवलं. सप्टेंबरात सगळा प्रयोग पहिल्यापासून झाला. या वेळी दोन गट होते, एक कोबीचा आणि एक कोळशावरच्या मांसाचा. साधे आठवडेही प्रयोगच असतात, हे प्रोफेसरांनी आस्ताबाईंना तासभर बसून समजावलं. त्या म्हणाल्या, "मग आधी तसं सांगायचं की. मी पिंपाला कुलूप लावलं असतं." त्यांचं म्हणणं खरं होतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

फॅरो बेटांहून परतलेलं गायकमंडळ पुन्हा आलं. गट चिठ्ठ्या टाकून ठरवले. व्हर्नरने चिठ्ठी उघडली, वाचली, घडी केली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. कोबी निघाला होता.

या वेळी कोबीने एन्झाइम वाढलं, मांसाने जास्त वाढलं. प्रोफेसरांच्या घरी बुधवार पुन्हा सुरू झाले. त्यांच्या बायकोने त्याबद्दल मला आजतागायत माफ केलेलं नाही.

शोधनिबंध छापून आला तेव्हा शेवटी आभारांत आस्ताबाईंचं नाव होतं, पण आडनावात एक अक्षर चुकलं होतं. त्यांनी तक्रार केली नाही. एका दुपारी त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्या, तो अंक मागितला, पर्समधून पेन काढलं आणि नाव दुरुस्त करून अंक परत दिला. ग्रंथपाल काही म्हणाला का, असं मी विचारलं.

"म्हणाला, पुस्तकात लिहायला परवानगी नाही," आस्ताबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, मग नीट छापा."