अकरा सेकंद

कुरुंद्यात माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. लग्नसराई संपली की मी जोडप्यांना, लेकुरवाळ्यांना घेऊन कोकणात समुद्रावर जातो. कुणाला उभं-आडवं करत नाही. माझ्याकडं बघू नका, घरी वागता तसं वागा, एवढंच सांगतो.

त्या खेपेला साखऱ्याचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको, दोन वर्षांची मुलगी. समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. बाई लेकीला कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होती. मोठी लाट आली, तिचे पाय सुटले आणि लेकरू हातातून निसटलं. नवऱ्यानं झेप घेऊन ते उचललं. पोरगी खोकली, रडली. बाकी काही झालं नव्हतं.

त्यानं तिला वाळूवर ठेवलं, मागं फिरला आणि उठू पाहणाऱ्या बायकोच्या कानफटात मारली. ती पडली तर पोटात लाथ घातली. मग केस धरून तिचं तोंड पाण्यात दाबलं.

माझा कॅमेरा चालूच होता. अकरा सेकंद. मग मी धावलो, त्याला मागून कव घातली. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, समोरचा दात पडला. टपरीवरची दोन माणसं धावत आली तेव्हा कुठं त्यानं तिचे केस सोडले.

परतताना जीप चहाला थांबली. नवरा हॉटेलच्या मागं गेला तेवढ्यात तिनं विचारलं, "भाऊ, ते समदं आलंय का त्याच्यात?"

"व्हय."

"पुसू नका. औंढ्याला माझ्या बापाला दाखवा. मी सांगते तर त्यांला खरं वाटत न्हाई."

दुसऱ्याच दिवशी चित्रण मोबाइलवर घेऊन गेलो. तिच्या वडिलांचं नागनाथाच्या देवळाजवळ नारळ-फुलांचं दुकान. त्यांनी मोबाइल हातात धरून सगळं पाहिलं. मग मला म्हणाले, "अन् तू काय करून राहिला होता तवा?"

मी मोबाइल परत घेतला.

त्याच दुपारी ते साखऱ्याला जाऊन लेकीला आणि नातीला घेऊन आले. दोन दिवसांनी नवरा भावाला घेऊन माझ्या दुकानात आला. कॉम्प्युटर फोडला, दिव्याच्या लोखंडी स्टँडनं माझ्या हातावर मारलं. मनगट मोडलं. "कॅमेऱ्याचं कार्ड कुठंय?" एवढंच तो विचारत होता. तिनं तक्रार दिली तेव्हाच मी ते पोलीस ठाण्यात जमा केलं होतं.

साक्षीला गेलो तेव्हा कोर्टात ते चित्रण लावलं. मी खाली मान घालून बसलो. ती मात्र पडद्याकडं बघत होती, शेवटपर्यंत. बाहेर आल्यावर मी तिची माफी मागितली.

"उशिरा आले, पण आले की तुमी," ती म्हणाली आणि वडिलांच्या मोटारसायकलवर बसून गेली.

खटला अजून चालू आहे. ती औंढ्यालाच असते. मुलगी अंगणवाडीत जाते.