टायरातलं खारं पाणी

चूक माझीच होती. वीस वर्षांपूर्वी आमच्या कलमांच्या बागेतला छोटा ट्रॅक्टर चढावर घसरायचा, म्हणून वजनासाठी मागच्या टायरांत पाणी भरायचं ठरलं. विहीर लांब, म्हणून मी खाडीचंच भरलं. टायरच्या व्हॉल्व्हमधून उडालेले थेंब ओठांवर खारट लागले, त्याची तेव्हा मजाच वाटली.

पुढे रिम गंजून फुटली. बाबांनी ट्रॅक्टर चालवणाऱ्या गणूदादाला धरलं, “खाडीत धुतलास ना?” मी गप्प राहिलो. त्याचं काम गेलं.

आज गॅरेजात एका ट्रॅक्टरच्या टायरातून पाणी सुटलं, ओल्या रबराचा तेव्हाचाच वास आला, आणि मी थेट गणूदादाच्या पडवीत जाऊन सारं सांगितलं.

तो हसला. “मेल्या, रिममधनं गळलेलं पाणी मी तेव्हाच चाखलं होतं. तू कधी बोलतोस, तेच बघत होतो.”

“पाण्याचं सोड, दादा,” मी म्हणालो. “गप्प बसलो, त्याबद्दल मला माफ कर.”