तुरटी फिरवलेलं पाणी

काल दाढी झाल्यावर न्हाव्यानं गालावर तुरटीचा खडा फिरवला आणि त्या गार स्पर्शासरशी मला टोकावड्याच्या पुढची एक विहीर आठवली. तेव्हा आम्ही प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर पॉलिमरचा केसाहून पातळ थर चढवायचो. पाण्यात युरेनियम असलं की त्या थराची हिरवी चमक मंदावायची. पाण्याचे नमुने आणायचं काम माझं. विहिरीलगतच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंकडे मी रिकामी बाटली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी भरलेली घेऊन गेलो. चमक जराही मंदावली नाही, तेव्हा मी वहीत ‘पाणी स्वच्छ’ असं लिहून टाकलं. आठवड्यानं ते सांगायला गेलो, तर खळ्यावर भाताची झोडणी चालली होती आणि अंगणभर पेंढ्याचा वास होता. “स्वच्छ असनारच,” बाई हात झटकत म्हणाल्या, “पावन्याच्या हातात तसंच पानी कसं देनार? तुरटी फिरवली, निवळू दिलं, मंग लुगड्याच्या फडक्यातून गाळलं.” तुरटीनं गाळाबरोबर युरेनियमही तळाशी बसतं, हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं. “आणि तुम्ही पिता ते?” मी विचारलं. “आमी कशाला येवढं करू? आमी पितो तसंच.” मग मी स्वतः विहिरीत पोहरा सोडला. त्याही पाण्यात चमक टिकली, पण ते नशीब म्हणायचं. आता चमक टिकली की सहकारी खूश होतात. मी मात्र विचारतो, हे घरात प्यायचं पाणी आहे, की पाहुण्याला द्यायचं?