न घासलेला हिरवा

त्या बाईंचे नाव मला ठाऊक नाही. लकडगंजातल्या खनिजांच्या प्रदर्शनात त्या दिसल्या, तेव्हा त्यांच्या तळहातावर अझुराइटचा खडा होता. पोटात गर्द निळा आणि कडांवर मॅलाकाइटची मखमली हिरवळ चढलेला. तांब्याच्या खाणीतले ते सौंदर्य त्यांनी हलकेच गालाला लावले आणि त्या गारव्याने डोळे मिटले.

शेजारी उभे असलेले त्यांचे यजमान तडकले.

"काहून वं, तांब्यावरचा हिरवा डागच ना हा? घरी चिंचेनं घासून काढते, अन् इथं विकत घेऊन राहिली? मांडणीवर आधीच दगडं मावत नाई. हा आणला, तर सारे फेकून देईन!"

"फेका," खड्यावरची नजर न काढता बाई म्हणाल्या. "मी उचलून पुन्हा मांडीन. जलमभर तुमच्या घरचे हंडे घासले, हिरवं दिसलं का घासलं. हे हिरवं माह्यं हाये. याले चिंच लागणार नाई."

हट्ट इतका देखणा असतो, हे मी प्रथमच पाहत होते.

बाईंनी खडा कापसात गुंडाळला. हातातली भाजीची पिशवी यजमानांकडे दिली आणि शांतपणे पुढच्या टेबलाकडे वळल्या.