धक्क्यावरचा हात

दुबईच्या बर दुबई भागात आमच्या इमारतीखाली एका काकांचे गीझरचे दुकान होते. बोलताना ते समोरच्या खाडीकडे बघत, जणू उत्तर पाण्यावरून येणार. एक गीझर फुटून गिऱ्हाइकाचा हात भाजला आणि काकांवर दावा आला. एकट्याने भरपाई दिली तर दुकान खलास. म्हणून माल पुरवणाऱ्या शेठनाही दाव्यात ओढायची परवानगी कोर्टाकडे मागायचे ठरले. अर्जाच्या आदल्या दिवशी मला घेऊन काका होडीने खाडीपलीकडे शेठकडेच गेले.

"शेठ, उद्या तुमच्याविरुद्ध अर्ज देतोय. दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून आलो."

"वकिलाने हेच शिकवलं का, भाऊ? बसा, चहा घ्या."

पुढे अलीकडच्या कोर्टात शेठसमोरच परवानगी मिळाली. परतणाऱ्या शेठना पोचवायला काका धक्क्यावर आले. होडी हलत होती, म्हणून काकांनी हात पुढे केला. शेठ क्षणभर थांबले, मग त्यांनी तो धरला. होडी दूर गेली, तरी काकांचा हात तसाच पुढे होता.